पंधरा बादल्यांत सतरा मासे

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघांनी माशांच्या टाकीचं पाणी बदललं. दर रविवारी, मंगळवारी आणि गुरुवारी बदलायचो, तसंच. टाकीत नळी सोडायची, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं, पाणी आलं की झटक्यात बादलीत सोडायचं. तीस वर्षं हाच धंदा केला, तरी त्या दिवशीही घोटभर माझ्या घशात गेलंच. सुमन, माझी बायको, टाकीपाशी नळी धरून उभी होती. ती हसायला लागली.

"अवो, किती पिताय? माशांना ठेवा की जरा."

"तू हस. ओढायचं काम तुझ्याकडं दिलं आस्तं म्हंजे कळलं आस्तं."

"माझ्याकडं दिलं आस्तं तर पाणी बादलीत गेलं आस्तं."

दोन बादल्या घाण पाणी निघालं, ते तिनं मागच्या कढीपत्त्याला आणि वांग्यांना घातलं. दाराजवळच्या पिंपात मुरत ठेवलेलं दोन बादल्या पाणी टाकीत सोडलं. मग पिंप पुन्हा भरलं, आणि कमी पडायला नको म्हणून एक बादली वेगळी भरून मागं बंबाच्या आडोशाला ठेवली. तिच्यावर पोचा आलेलं एक ताट झाकलं. "ही मंगळवारला," म्हणाली. मी तोंड खळखळून धुत होतो. मी हूं म्हणालो.

सोमवारी सकाळी तिनं चहा ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. मी बाहेर पायरीवर होतो. चहा उतू गेल्याचा वास आला तसा मी ओरडलो, "अगं, लक्ष कुठंय तुझं?"

ती तशीच बसली होती.

हे आधीच सांगून टाकलं, कारण मधीच सांगायला मला जमणार नाही. दिवाळी अंकवाल्यांनी मला धंद्यातल्या गमती लिहा म्हणून सांगितलंय. गमती आहेत. बहुतेक माझ्याच फजितीच्या आहेत.

बारामतीत एका बोळात माझा गाळा होता. काचेच्या टाक्या, मासे, खडे, हवेच्या मशिनी विकायचो. विकलेल्या टाक्या धुवायला मोपेडवरून घरोघर जायचो; बारामती, काटेवाडी, पार इंदापूरपर्यंत. लोक मला माशांचा डॉक्टर म्हणायचे. मी सातवी नापास. पण कुणी डॉक्टर म्हणालं तर मी त्याला कधी थांबवलं नाही, आणि माशानं कधी सर्टिफिकेट मागितलं नाही.

धंदा काय असतो ते ज्यांनी टाकी पाळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोल्डफिश दिसायला राजा आणि खायला बकासुर. जेवढं खातो तेवढं घाण करतो. ती घाण पाण्यात विरघळून त्याचं विष होतं, आणि मासा त्याच पाण्यात श्वास घेतो. म्हणून एका गोल्डफिशला निदान दोन बादल्या पाणी पाहिजे. मी ऊसवाल्यांना म्हणायचो, "ऊस दाट लावला तर काय हुतं? वर हिरवागार दिसतो, खाली कांडं करंगळीएवढं. टाकीचं बी तेच." माना डोलवायचे, आणि वर म्हणायचे, "व्हय तात्या, पन भरलेली टाकी बरी दिसती. अजून चार टाका."

मी टाकायचो. दुकानदार होतो ना.

आता एक पाप सांगतो. मधी एक खूळ आलं होतं, अजून आहे. टाकीत आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा, म्हणजे घराची भरभराट होते, आणि घरावर संकट आलं तर मासा ते आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. नऊ मासे आणि टाकी कसली? दीड फुटाची. त्यात नऊ गोल्डफिश घातल्यावर दर पंधरा दिवसाला कोणी ना कोणी संकट अंगावर घेणारच की! लोक फोन करायचे, "तात्या, एक गेला, पन आमचं टळलं." मी म्हणायचो, "टळलं बघा." आणि दुसरा मासा द्यायचो. गर्दीनं मेला हे मला कळत होतं. मी गप्प बसलो. सुमन गाळ्यात आली की म्हणायची, "तुमच्या तोंडात पाणी जातंय ते बरं हाय. तेवढा येळ तरी खोटं बोलत न्हाय."

यातलं एक गिऱ्हाईक तर माझ्यापेक्षा वरचढ. त्याचे आठ सोनेरी मेले, काळा तेवढा जगला. तो काळा पिशवीत घालून परत घेऊन आला.

"तात्या, ह्यो बदलून द्या."

"का? काय झालं त्याला?"

"काय झालं न्हाय, तेच तर! घरात वडील आजारी हायेत, आन् ह्यो खाऊन फुगलाय. काम करत न्हाय."

मरत नाही म्हणून मासा परत केलेला मी आयुष्यात तेवढाच पाहिला. मी त्याला दुसरा दिला. तो काळा सुमननं घरी नेला. "ह्याला कायबी काम लावायचं न्हाय," म्हणाली.

आमच्या घरची टाकी अशी भरत गेली. कुणाची बदली झाली, कुणाला सून आली आणि तिला वास येतो, कुणाला टाकीच्या जागी टीव्ही ठेवायचाय. मासे माझ्या गाळ्यात आणून सोडायचे. गाळ्यातून ते घरी यायचे. मी ओरडायचो, सुमन पिशवी सोडायची. अशी ती चार फुटी टाकी. पाणी मावतं पंधरा बादल्या. मासे सतरा. म्हणजे दोन-दोन बादल्यांचं शहाणपण गावाला सांगत फिरणाऱ्या डॉक्टरच्या घरी माशाच्या वाट्याला पुरती एक बादलीही नव्हती. कुणी गिऱ्हाईक घरी आलं की मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचो, पाठ टाकीला लावून.

तरी तिथं मासा सहसा मरत नव्हता. लोक म्हणायचे, डॉक्टरचा हातगुण. माझा हात त्या टाकीला लागत नव्हता, फक्त तोंड लागायचं. खाणं तिचंच. सकाळी एक चिमूट, तीसुद्धा तिच्या बोटांची. माझी चिमूट म्हणजे तिच्या तीन. एखादा मासा फुगून उलटा तरंगायला लागला की ती मटार उकडून, साल काढून, चुरून द्यायची. दुसऱ्या दिवशी सुलटा. आणि सोमवारी तिचा उपास, म्हणून माशांचाही उपास. मी म्हणायचो, "त्यांना कुठला देव?" ती म्हणायची, "देव नसला तर नसू द्या, पोट हाय न्हवं." पुढं मी ऐकलं की आठवड्यातून एक दिवस माशाला उपाशी ठेवणं चांगलंच असतं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो, जसं काही मीच शोध लावला.

एक शोध तर मी तिचा उघडउघड चोरला. तो पुढं कामाला येणार आहे, म्हणून नीट सांगतो.

इंदापूरला एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांचे मासे टिकेनात. सुमनचं माहेर वरकुटे. तिकडं निघालो होतो, म्हणून ती मोपेडवर मागं होती. वाटेत मॅडमच्या घरी थांबलो. बघतो तर टाकी अशी लख्ख की आत पाणी आहे का नाही कळेना.

मॅडम म्हणाल्या, "मी रोज सकाळी सगळं पाणी बदलते. शिळ्या पाण्यात का ठेवायचं त्यांना? आणि तो हवेच्या मशिनीचा स्पंज साबणानं धुते. इतका काळा होतो, शी!"

मी म्हणालो, "मॅडम, तुमी मासं पाळताय का भांडी घासताय?"

मॅडमचा चेहरा पडला. गिऱ्हाईक तुटलंच होतं. सुमन मागून म्हणाली, "मॅडम, तुमी दही कसं लावता?"

"कसं म्हणजे? विरजण घालून."

"रोज सगळं दही संपवून, भांडं धुऊन, नव्या दुधाला म्हनलं, हो दही, तर हुईल का?"

"नाही होणार."

"मग तसंच हाय. त्यो काळा स्पंज म्हंजे माशाचं विरजण. त्यात डोळ्याला न दिसणारे जीव आस्त्यात, त्ये माशाची घाण खात्यात. ते धुतलं की संपलं. पाणी थोडं काढायचं, थोडं घालायचं. आन् नळाचं पाणी दोन रात्री मुरू द्यायचं. त्यात जंतू मारायचं औषध आस्तं, ते उडून जातं."

मॅडम म्हणाल्या, "हे यांनी का नाही सांगितलं?"

"त्यांना दही निसतं खायाला येतं," सुमन म्हणाली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक घरात विरजणाची गोष्ट सांगितली. लोक म्हणायचे, तात्या, काय समजावून सांगता! मी म्हणायचो, अनुभव आहे. आणि कुठंही नवी टाकी लावायची झाली की सुमन आमच्या टाकीतला काळा स्पंज त्या पाण्यात पिळून द्यायची. "विरजण नेताय ना?" विचारायची. बारामती ते इंदापूर कितीतरी टाक्यांत आमच्याच घरचं विरजण गेलं.

त्यातली एक काटेवाडीच्या दत्तूआबांची. दत्तूआबांच्या गोठ्यात म्हशी, दारात ऊस, आणि दिवाणखान्यात नातवाच्या हट्टानं घेतलेली चार फुटी टाकी. महिन्यात पाणी दुधासारखं झालं म्हणून फोन आला. गेलो. टाकीच्या तळाला बोटभर थर.

"आबा, हे काय?"

"गोळी पेंड. म्हशींची. चांगली हाय, बाजारातनं हलकी न्हाय आनली."

"किती घालताय?"

"सकाळ-संध्याकाळ ओंजळ-ओंजळ. थोडं मीठ-मिश्रण बी टाकतो, हाडं बळकट हुत्यात."

"आबा, ह्यांच्या धारा काढायच्यात का?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "तात्या, दारातलं जनावर उपाशी ठिवायचं आमाला जमत न्हाय." ते बरोबर होतं. चूक होती, पण बरोबर होतं. पुन्हा सुमननंच विरजण पिळून दिलं, आणि आबांना दम दिला, "आता ह्याला हात न्हायतर साबण लावशीला तर बघा." आबा तिला वैनी म्हणायचे आणि माझं न ऐकता तिचं ऐकायचे.

आता तो सोमवार.

दिवस कलेपर्यंत सगळं उरकलं. स्मशानातून परत आलो, अंघोळ झाली, मला पुढच्या खोलीत घोंगडीवर बसवलं. भोवती माणसं. सासरहून आलेली लेक आत रडून निपचित पडली होती. घर धुतलेलं, ओलं. मयत झालं की घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं आणि नवं भरायचं, ही आपल्याकडची रीत. हंडा, कळशी, पिंप, सगळं पालथं घालून पुन्हा भरलेलं होतं. माझी नजर टाकीकडं गेली.

टाकी लख्ख होती. इंदापूरच्या मॅडमच्या टाकीसारखी. काठापर्यंत नळाचं पाणी, कडेला साबणाचा फेस, आणि सतरा मासे वर येऊन तोंडं उघडमिट करत होते.

मला सगळं कळलं. पाणी ओतताना टाकीही ओतली. स्पंज धुण्याच्या पावडरीनं धुतला. माशाचा डॉक्टर होतो, एका नजरेत कळलं. आणि मी बसून राहिलो.

कारण लोक काय म्हणतील? बायकोला अग्नी देऊन आलेला माणूस माशासाठी उठतो? समोर साखर कारखान्यातली माझी दोन गिऱ्हाइकं, गल्लीतले चौघं. कुणीतरी म्हणत होतं, "फार गुणाची बाई." मी मान हलवत होतो आणि टाकीकडं बघत होतो. अर्धा तास बसलो. एक मासा आडवा झाला. मग दुसरा. तिसरा आडवा झाला तेव्हा मला तो माणूस आठवला, संकट घेत नाही म्हणून मासा परत करणारा. माझ्या घरात सतरा होते. एकानंही तिचं घेतलं नाही. मी त्यांना दोष कशाला देऊ? मी स्वतः पायरीवर बसून ओरडत होतो.

उठलो. धंद्याच्या पिशवीतली बाटली काढून टाकीत थेंब टाकले, नळाच्या पाण्यातलं औषध मारायचे. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारा भरमला."

सुमनच्या भावाची बायको, वरकुट्याची कमल, धावत आली. "दाजी, काय करताय? आज कशाला हात लावू नका."

"टाकी कुनी धुतली?"

"मी. घरातलं पाणी ओतायचं आस्तं न्हवं? ते बी घरातलंच की. आन् ताईची टाकी, म्हनलं सोच्छ करून ठिवावी..." तिनं पदर तोंडात घातला.

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी तिला फाडून खाल्लं असतं. पण त्या दिवशी सकाळी माझं एकदा ओरडून झालं होतं. मी म्हणालो, "चांगली धुतलीस. जा, बस."

थेंबांनी औषध मेलं, साबण नाही. आता मुरलेलं पाणी पाहिजे होतं. घरात थेंब नाही. आणि विरजण पाहिजे होतं. मी फोन काढला.

"आबा, विरजण पायजे."

दत्तूआबांना कळायला वेळ लागला. "तात्या? आवो, मला आत्ताच कळलं. मी उद्या येनारच..."

"उद्या नगं. आत्ता. सुमनची टाकी धुतली बायकांनी. तुमच्या टाकीचं निम्मं पाणी आन् त्यो काळा स्पंज."

फोनवर पलीकडं त्यांच्या आईचा आवाज आला. नव्वदीची म्हातारी, पण आवाज खणखणीत. "कोन विरजण मागतंय? दिवेलागनीला विरजण देत न्हाईत! आन् सुतकाच्या घरात तर न्हाईच न्हाई!"

आबा म्हणाले, "आई, हे आपलं न्हाय. त्यांचंच हाय." आणि मला म्हणाले, "निघालो."

तासाभरात त्यांची दुधाची गाडी दारात आली. सहा कॅन. बसलेली माणसं उठून बघायला लागली. मयताच्या घरी दूध कुठून आलं?

मी विचारलं, "आबा, कॅन कशानं धुतलं?"

"निसत्या पाण्यानं. वैनींनी साबणाचा दम दिला हुता, त्यो अजून कानात हाय." मग त्यांनी एक पिशवी पुढं केली. आत पाण्यात तो स्पंज, काळाकुट्ट. "त्यांनी पिळून दिलं तवापास्नं हात लावला न्हाय बघा."

मी नळी टाकीत सोडली आणि टोक तोंडात धरलं. ओढलं. साबणाचं पाणी सरळ घशात. ठसका लागला, डोळ्यातून पाणी आलं. हसायला मागं कुणी नव्हतं. कुणी पाठीवर थोपटलं, लोकांना वाटलं रडतोय. वाटू दिलं. आतापर्यंत ते आलं नव्हतं.

कारखान्यातल्या दोघांनी बादल्या बाहेर नेऊन ओतल्या. कमलनं कॅन धरले. ज्यांना मी भरमलो वाटलं होतं तेच विचारायला लागले, "तात्या, हळू सोडायचं का?" मी म्हणालो, "हळू. अंगावर न्हाय, कडेनं." दत्तूआबांनी स्वतःच्या हातानं स्पंज पाण्यात पिळला. पाणी गढूळ झालं. इतकं घाण पाणी बघून मला बरं वाटलं.

दत्तूआबा जाताना म्हणाले, "खायाला काय घालू नका आज."

"आज सोमवार हाय," मी म्हणालो.

चार मासे गेले. तीन तर मी बसलो होतो तेव्हाच आडवे झाले होते. ते मी लाजेनं मारले, कमलनं नाही, पाण्यानं नाही. हे इथं लिहून ठेवतो, कारण गल्लीत अजून तिचं नाव सांगतात. तेरा राहिले. तो काळाही राहिला, ज्याला काही काम लावायचं नव्हतं.

मंगळवारी सकाळी उठलो. चूल बंद होती. मागच्या दारी तोंड धुवायला गेलो, तर बंबाच्या आडोशाला पोचा आलेलं ताट दिसलं. त्याखाली बादली. काठोकाठ. कालच्या सगळ्या ओताओतीत ती कुणाला दिसली नव्हती, आणि मुरलेल्या पाण्यासाठी काटेवाडीला फोन करणाऱ्या डॉक्टरलाही ती आठवली नव्हती.

कमल मागून आली. "अगं बाई, ही ऱ्हायलीच की! दाजी, सरका, ओतते."

"न्हाय."

"आवो, जुनं पाणी हाय. ठिवू नये."

"मंगळवारचं हाय," मी म्हणालो.

बादली उचलून आत नेली. टाकीतून बादलीभर काढलं, कढीपत्त्याला घातलं. मग ताटावर तांब्या तांब्यानं धार धरून तिचं पाणी टाकीत सोडलं, सगळं, तळातलं घोटभरसुद्धा. चिमूट टाकली. माझ्या बोटांना ती मोठीच आली, म्हणून निम्मी डब्यात परत टाकली.

मग बादली नळाखाली धरली, भरली, बंबाच्या आडोशाला ठेवली आणि वर तेच ताट झाकलं. गुरुवारला.